ऐकू येईल तितके दूर

चूक थोरल्या करकोच्याची होती. हे आधीच सांगितलेले बरे, मुलांनो, कारण मोठी मंडळी ही गोष्ट सांगताना दोष घारीला देतात, उन्हाला देतात. त्याचे नाव तेवढे घेत नाहीत.

एका तळ्याच्या वरच्या अंगाला चिंचेचे जुने झाड होते. पावसाळा सरला की करकोच्यांचा थवा दरवर्षी तिथे मुक्कामाला येई, घरटी बांधी आणि पिल्ले उडती झाली की निघून जाई. झाडावर कायदा थोरल्याचा. शेंड्याची फांदी त्याची, बाकीच्यांनी वयाच्या उतरंडीने त्याच्याखाली बसायचे. वरून शीट पडली तरी अंग झटकायचे नाही, "मामांची छाया आहे" म्हणायचे. इकडे तळे दरसाल आटत होते आणि पाणी, मासे पार पलीकडच्या काठाला सरकले होते. हे थोरल्याला दिसत नव्हते असे नाही. पण झाड बदलले की शेंडा कुणाचा, हा प्रश्न नव्याने निघाला असता.

त्याच्या भाचीची दोन पिल्ले गेल्या वर्षी याच झाडावर, माशाची वाट बघत, चोच उघडी ठेवून मेली. तेव्हा मामा एवढेच म्हणाला होता, "पहिलटकरणीला नाही जमत." यंदा तिने ठरवले होते की पिल्ले उडालेली बघायचीच, मग मामा रुसला तरी बेहत्तर.

अंडी घालण्याआधी तिने एक दिवस पाण्यालगतच्या बाभळीवर काढला. मासा पायाशी होता, पण दुपारपर्यंत दोन घारी डोक्यावर घिरट्या घालून गेल्या आणि मदतीला आपले म्हणावे असे कुणी नव्हते. दुसऱ्या दिवशी ती चिंचेवरून चाऱ्याला गेली, तर दिवस मावळेपर्यंत कशाबशा दोन फेऱ्या झाल्या. तिथे पोट भरत होते आणि पाठ उघडी पडत होती. इथे पाठीशी सगळे होते आणि पोट रिकामे.

करकोच्यांच्या गळ्यातून आवाज निघत नाही. ते चोच कडकड वाजवून बोलतात. भाची आपल्या आईला म्हणाली, "आई, तू इथे बसून चोच वाजवत राहा. मी पाण्याकडे जाते. जिथवर ऐकू येईल, तिथवर माझं माहेर." ती निघाली. वडापाशी आवाज खणखणीत होता. बांधावरच्या करंजापाशी बारीक, पण स्पष्ट. त्यापुढे नुसता वारा. ती मागे वळली आणि करंजाच्या बेचक्यात पहिली काडी ठेवली. तिथून पाणी निम्म्या वाटेवर होते.

थव्याने तिची यथेच्छ चेष्टा केली. ना धड माहेर, ना धड तळे, असे कुठे राहणे असते का, असे मावश्याही बोलल्या. थोरला मात्र मुद्दाम करंजावर येऊन बसला. "आम्ही नाही काढले हाल? चिंचेवरच वाढलो ना? घारीनं पिल्लू उचललं की रडत येऊ नकोस."

"रडत नाही येणार, मामा," ती म्हणाली. "चोच वाजवीन. ज्याला ऐकू येईल तो येईल."

तिची तीन अंडी फुटली. नवरा-बायको आळीपाळीने मासे आणत, एक जण घरट्यावर असेच. पिल्लांना पिसे फुटू लागली तेव्हा घारी आल्या. नवरा तळ्यावर होता. एक घार समोरून झेपावली, भाची तिच्यावर धावली, तेवढ्यात दुसरी मागून घरट्याच्या काठावर उतरली. भाचीने चोच वाजवली.

चिंचेवर आईने मान वर केली. थोरल्याने तिथल्या तिथे बजावले की गेलीस तर या झाडावर तुला जागा नाही. "दादा, तुझं झाड तुलाच लखलाभ," असे म्हणून ती निघाली, आणि चेष्टा करणाऱ्या दोघी मावश्या तिच्या मागोमाग. एका घरट्याभोवती चार चोची झाल्या. एक घार शेपटीची निम्मी पिसे तिथेच टाकून पळाली, दुसरीने तेवढाही वेळ घेतला नाही.

महिन्याभराने तिन्ही पिल्ले उडाली. सरळ चिंचेवरून गेली, आणि सगळ्यात धाकट्याने नेमकी मामाच्या डोक्यावर शीट टाकली. या खेपेला छाया वगैरे कुणी म्हणाले नाही. दुसऱ्या वर्षी करंजावर अकरा घरटी होती.

आता मामाचे. शेंड्यावर ऊन सगळ्यात जास्त. त्या वर्षी तिथल्या त्याच्या तीन पिल्लांना मासाही लागे आणि गारव्यासाठी अंगावर ओतायला चोचीतून आणलेले पाणीही लागे, आणि दोन्ही तळ्याच्या पलीकडच्या काठाला. दोघे आणायला गेले की मागे घरट्यावर ऊन आणि घार. अंडी घालण्याआधी बायकोने दोनदा सांगितले होते की आपणही करंजावर जाऊ. तो म्हणाला, लोक काय म्हणतील.

तात्पर्य : आपल्या माणसांच्या जवळ राहावे, पण किती जवळ, ते पिल्लांच्या पोटाला विचारून ठरवावे. थोरल्या करकोच्याने ते स्वतःच्या मानाला विचारले. त्यात त्याची तिन्ही पिल्ले गेली.