पहिल्या हाकेची कातरीन

फार वर्षांपूर्वी, नांदखारच्या खाडीवर पूल यायच्याही कितीतरी आधी, आमच्या गावात हाक मारली तर कोणी ओ देत नसे. हसू नका. माणसं बहिरी नव्हती की उद्धट नव्हती. ती घाबरत होती. खाडीत हाक्या आहे असं सगळे मानत. हाक्याला अंग नाही, तोंड नाही, नुसता आवाज आहे, आणि त्या आवाजात दम एकाच हाकेपुरता असतो. तो तुमचं नाव घेणार, तुमच्याच माणसाच्या आवाजात घेणार, आणि तुम्ही ओ दिलीत की गेलात. म्हणून पहिली हाक कानाआड करायची. दुसरी आली तर माणूस समजायचा, अशी गावची रीत होती.

गाव तर सगळं ख्रिस्ती. दारोदार क्रूस, संध्याकाळची घंटा झाली की घरोघर जपमाळ. देवावर विश्वास होता आणि हाक्यावरही होता, दोघांचं एकाच घरात बरं चाललं होतं. पाद्रीबाबा देवळात मिस्सेच्या प्रवचनात या समजुतीवर तोंडसुख घेत. पण आचाऱ्यानं त्यांना जेवायला हाक मारली की तेही जरा थांबूनच उठत, असं म्हणतात.

खाडीवर माणसं पार नेणारी एकच होडी होती, बस्त्याव तांडेलाची. उंच, हसरा माणूस. त्याची बायको कातरीन आणि त्याची आई आंजेलीन, एवढीच घरात माणसं. एका संध्याकाळी बस्त्याव पलीकडून रिकामी होडी घेऊन येत होता. ओहोटी सरून भरती लागलेली, खाडीवर धुकं उतरलेलं. इकडे काठावर सासूसुना मासे निवडत बसल्या होत्या. तेवढ्यात धुक्यातून हाक आली.

"कातरीन!"

आवाज बस्त्यावचा. कातरीनच्या तोंडात ओ आलीच होती. पण आंजेलीननं ओला हात तिच्या ओठांवर दाबला. "थांब. दुसरी येऊंदे."

दोघी थांबल्या. दुसरी आली नाही. "बघ," सासू म्हणाली, "हाक्याच होता." आणि दोघींनी पुन्हा मासे निवडायला घेतले.

दुसऱ्या दिवशी होडी मधल्या गाळात रुतलेली सापडली. बस्त्याव ढकलायला खाली उतरला असणार, छातीपर्यंत चिखलात गेला असणार, आणि भरती त्याच्या गळ्याशी आली तेव्हा त्याच्यात एकाच हाकेपुरता दम उरला असणार. देह मिळालाच नाही. खाडीनं तो समुद्राला देऊन टाकला.

कातरीन रडली नाही. रडायला तोंड उघडलं की त्यावर सासूचा हात आठवायचा. आंजेलीन त्या हाताबद्दल कुणापाशी चकार शब्द बोलली नाही, आणि सुनेनंही तिला कधी बोल लावला नाही. दोघी एकाच चुलीशी बसून जेवत आणि एकमेकींकडे बघत नसत. मला विचाराल तर खाडीतल्या कुठल्याही भुतापेक्षा मला त्या घराची जास्त भीती वाटते.

मग एका रविवारी मिस्सा झाल्यावर कातरीन धक्क्यावरच्या क्रुसापाशी गेली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "आजपासून होडी मी चालवनार. पल्याडून हाक आली की पयल्याच हाकेला ओ देनार. मानसाची असो, हाक्याची असो." बायका मागे सरल्या. कुणीतरी म्हणालं, ही आपल्याबरोबर गावालाही बुडवणार. पाद्रीबाबा मात्र म्हणाले, "देवही हाक मारताना आपलं नाव सांगत नाही, बाई. जा."

आता तुम्हाला वाटेल, शपथ घेतली आणि ती संतीण झाली. छे! पहिले काही महिने तिची ओ धड घशातून निघत नसे. वल्हं हातातून सुटून पाण्यात पडायचं. भीती ओसरली तेव्हा चिडचिड सुरू झाली, कारण हाका मारणारे काही देवदूत नव्हते. तव्यावर भाकरी टाकली की हाक. ताप आलेला असला की हमखास हाक. ताडी ढोसून आलेले, होडीत ओकणारे, पार पोचल्यावर "किती हळू चालवतेस" म्हणणारे. एकदा काही टवाळांनी तिवरांच्या झाडीत लपून हाक मारली, ती वल्हवत गेली तर कोणी नाही, आणि ती माघारी फिरल्यावर मागून खी खी. त्या दिवशी तिनं अशा काही शिव्या घातल्या की पाद्रीबाबांपाशी जाऊन कबुली द्यावी लागली. "कुणाला घातल्यास?" त्यांनी विचारलं. "देवालाच वाटतं," ती म्हणाली, "बाकी कोन दिसत नवता." पाद्रीबाबा म्हणाले, "आधी ओ दिली होतीस ना? मग शिव्याही तो ऐकून घेईल."

असं करता करता वर्षं गेली. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून जपमाळेचे मणी ओढायची सोय नव्हती. ती वल्ह्याच्या प्रत्येक ओढीला एक नमो मरिया म्हणायची. आधी ती भीती घालवायला म्हणायची, पुढे राग गिळायला, आणि मग केव्हा ते तिचं तिलाही कळलं नाही, पण होडीतल्या माणसासाठी म्हणू लागली. तिची ओ बदलली. पलीकडच्या काठावर उभा असलेला कोणीही ती ऐकून खाली बसायचा आणि निवांत वाट बघायचा, असं म्हणतात.

आणि नेमकं तेव्हाच पलीकडे कोणी नसताना हाका येऊ लागल्या.

पहिल्यांदा गेली तेव्हा तिला वाटलं, टवाळ पुन्हा आले. पण झाडीत कोणी हसलं नाही. चिखलावर बगळ्याचंसुद्धा पाऊल नव्हतं. कातरीनला पळून जावंसं वाटलं. तरी ती म्हणाली, "आलेय मी. बसा." होडी हलली. एका बाजूला कलली, मग सावरली, आणि पाणी काठाच्या अगदी जवळ आलं, माणूस बसल्यावर येतं तसं. रिकाम्या फळीवरून पाणी निथळत होतं. तिनं वल्हं उचललं आणि नमो मरिया म्हणत आली. इकडच्या काठाला होडी अलगद वर उचलली गेली, आणि धक्क्यापासून देवळामागच्या दफनभूमीपर्यंत जमिनीवर ओल उमटत गेली.

असं मग कितीदा तरी झालं. गावाला कळायचं ते कळलं. हाक्या म्हणून वेगळं कोणी नव्हतंच. ज्यांच्या एकाच हाकेला कोणी ओ दिली नाही ती ही सगळी माणसं. त्यांना आपल्या मातीत यायचं होतं. कुणाचे आजोबा असतील, कुणाची मावशी असेल. लोक दारं लावून फटीतून ती ओल बघत आणि छातीवर क्रुसाची खूण करत. कातरीनला मात्र त्या सगळ्यांत एकच आवाज हवा होता, आणि तो येत नव्हता. दर हाकेला ती कान टवकारायची, आणि दर वेळी दुसराच कोणीतरी निघायचा. तरी ती त्यालाही तितक्याच मायेनं "बसा" म्हणायची.

मग माघातली ती सकाळ आली. थंडी एवढी की बोलताना तोंडातून वाफ निघावी. सुकती पुरी लागलेली, खाडीत नुसता चिखल आणि मधे पाण्याची बारीक रेघ. धुकं असं की धक्क्यावरचा क्रूस धक्क्यावरून दिसेना. मिस्सेहून परतणारी माणसं तिथंच उभी होती, म्हणून पुढचं सगळ्यांनी ऐकलं.

"कातरीन!"

समुद्राच्या बाजूनं आली. बस्त्यावची. म्हातारी आंजेलीन धडपडत होडीकडे धावली. आणि त्याच क्षणी पलीकडच्या काठावरून दुसरा आवाज आला, बाईचा, अर्धा तुटलेला. "बाय गंऽ!" ती मिठागरावर काम करणारी मथी होती, पोटुशी. तिचे दिवस भरलेले, हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सुईण इकडच्या काठाला होती.

आंजेलीननं होडीचा काठ धरला. "माजा पोर हाय तो! आधी त्याला आन! इतकी वर्सं वाट बगितली गं!"

कातरीननं समुद्राकडे तोंड केलं आणि जी ओ इतकी वर्षं तिच्या घशात अडकून राहिली होती ती दिली. "ओ, बस्त्याव!" अख्ख्या खाडीवर ती घुमली. मग ती सासूकडे वळली. रडत होती. "आय, तो थांबल. ती नाय थांबाची." आणि तिनं होडी मथीच्या बाजूला लोटली.

पण लोटणार कशी? पाणी होतं कुठं? काठावरच्या लोकांनी होडी चिखलावरून जाताना पाहिली आणि डोळे चोळले. ती रुतली नाही, थांबली नाही. धुक्यात गेली आणि मथीला घेऊन तशीच परत आली. मथीचं बाळ काठावर सुईणीच्या हातात पडलं, धडधाकट. शुद्धीवर आल्यावर मथीनं सांगितलं ते असं: "दोन्ही बाजूंनी मानसं होती. छातीवेरी चिखलात. होडी ढकलत होती. माज्या तोंडातून वाफ, त्या बायच्या तोंडातून वाफ, त्यांच्या एकाच्या बी तोंडातून नाय. पुडं एक उंच होता. त्याच्याकडं बगून ती बाय रडत होती नि हसत होती."

हे मथी बोलली तोवर कातरीन निघून गेली होती. "आता ह्यांना आनते," एवढंच सुईणीला म्हणाली आणि धुक्यात शिरली.

लोक उभे राहिले. होडी सरकल्याचा आवाज दूर गेला, मग येईनासा झाला. पाण्याची चाहूल लागली, भरती चढू लागली. आणि धुक्यातून एक हाक आली, कातरीनच्या आवाजात.

"आय!"

अख्खं गाव गप्प. पाद्रीबाबासुद्धा. वाडवडिलांची सवय अशी एका सकाळीत जात नाही. सगळे दुसऱ्या हाकेची वाट बघत राहिले. आणि आंजेलीन, जिनं एकदा सुनेच्या ओठांवर हात दाबला होता, ती गुडघाभर पाण्यात गेली आणि सगळा जीव एकवटून ओरडली, "ओ! ओ गं माजी बाय!" मग पाद्रीबाबांनी ओ दिली. मग मथीनं, पडल्या पडल्या. मग एकेकानं आणि मग सगळ्यांनी, इतक्या मोठ्यानं की तिवरांतले बगळे उडाले.

धुकं हटलं तेव्हा होडी भरतीवर आपली आपण धक्क्याला येऊन लागली होती. फळ्या सगळ्या ओल्या, माणूस एकही नाही, कातरीनही नाही. दफनभूमीपर्यंतची वाट मात्र पाऊस पडून गेल्यासारखी भिजली होती, आणि तिच्यावर आंजेलीन अनवाणी चालत गेली. त्यानंतर खाडीवर कोणी नसताना हाक आली नाही, असं म्हणतात.

आता पूल आहे. होड्या फक्त मासेमारीला उरल्या. पण आमच्या गावात आजही पहिल्याच हाकेला ओ येते, बाहेरगावच्या सुनांना सुरुवातीला याचा फार त्रास होतो. आणि नोव्हेंबरात, सर्व मृतांच्या दिवशी, सकाळची मिस्सा झाली की गाव खाडीवर जातं. तिथं कोणी प्रार्थना सांगत नाही की गाणं म्हणत नाही. कोणी हाक मारलेलीही ऐकू येत नाही. तरी सगळे पाण्याकडे तोंड करून एकदम ओ देतात. दरवर्षी एखादं लहान पोर आईचा पदर ओढून विचारतंच, "आपन कोनाला ओ देतोय?"

आणि दरवर्षी आई तेच सांगते, "ठाव नाय. तू दे."