चैतूचे मिटलेले ओठ

सागाच्या रानाला पाठ टेकून एक मोगऱ्याची बाग होती. बागेच्या कडेला कुडाची इवलीशी झोपडी होती, आणि त्या झोपडीत तुळसा नावाची नऊ वर्षांची मुलगी राहत होती. तिची आई होती आणि चैतू नावाचा धाकटा भाऊ होता. चैतू रांगायला लागायच्या आधीच बाबा देवाघरी गेले होते. मोगऱ्याच्या कळ्या उमलायच्या आत खुडाव्या लागतात, म्हणून बागमालकाकडे मजुरीला असलेली आई तांबडं फुटतानाच टोपली घेऊन बागेच्या पार पलीकडच्या टोकाला जायची. मागे राहायची तुळसा, आणि तिच्या कडेवर चैतू.

चैतू अडीच वर्षांचा होता. गाल पिकल्या पेरूसारखे, केस काळेभोर कुरळे, आणि हसला की ओठांतून तांदळाच्या दाण्यांसारखे पिटुकले दात लुकलुकायचे. पण हल्ली तो हसत नव्हता. पुढच्या दोन दातांवर तपकिरी डाग पडले होते आणि मागची एक दाढ ठणकत होती. भाकरीचा मऊ तुकडा दिला तरी तो गालावर हात धरायचा नि घास थुंकून टाकायचा.

उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी त्याचं तोंड कसंबसं पाहून सांगितलं होतं, की रोज दात घासा, नाहीतर कीड खोल जाईल आणि दाढ काढावी लागेल. गुरुवारी दातांच्या डॉक्टरीणबाई येणार होत्या. हे ऐकलं तेव्हापासून तुळसाला एकच गोष्ट खात होती. पहाटे आई निघाली की चैतू रडायचा, आणि त्याला गप्प करायला त्याच्या तोंडात गुळाचा खडा कोण ठेवायचं? तीच ठेवायची. हे तिने आईलाही सांगितलं नव्हतं.

ब्रश दिसला की चैतू ओठ असे मिटायचा, जशी नदीतली शिंपली. तुळसाने गाणी म्हटली. मनीमाऊचे दात घासायचं सोंग केलं. ब्रश लपवून नुसतं बोट पुढे केलं, तर तो कडकडून चावला. सोमवार असाच गेला, मंगळवारही गेला. बुधवारी सकाळी मात्र तिचा धीर सुटला. उद्या डॉक्टरीणबाई येतील आणि चैतूची दाढ उपटतील, एवढंच तिला दिसत होतं. तिने त्याला चटईवर आडवं केलं, त्याचे हात गुडघ्यांखाली दाबले आणि ब्रश ओठांतून आत घातला.

चैतू किंचाळला. फेस घशात गेला, त्याला ठसका लागला. ब्रश हिरडीला लागून पांढऱ्या फेसात गुलाबी रेघ उमटली. तुळसाने घाबरून हात काढला, तसा तो सरपटत दारामागे गेला. ती हात पसरून त्याच्याकडे गेली. त्याने दोन्ही तळव्यांनी तोंड झाकून घेतलं.

"ताई नको," तो म्हणाला.

ब्रश नको असं तो म्हणाला नव्हता. ताई नको म्हणाला होता.

तुळसा बाहेर पायरीवर येऊन बसली. समोर आईने पहाटेच आणून ओतलेल्या कळ्यांचा ढीग होता, त्यांचे गजरे करून आठच्या गाडीने पाठवायचे होते. ती केळीच्या खोडाच्या सालीपासून काढलेल्या दोऱ्यात एकेक कळी गुंफू लागली. डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळे गाठ कुठे पडते आहे ते तिला नीट दिसत नव्हतं. आतून चैतूचे हुंदके येत होते. गजरा हातभर लांब झाला, तेव्हा त्याच्या मधोमध काहीतरी लखलखलं.

तुळसाने डोळे पुसले आणि नीट पाहिलं. गाठींमध्ये एक परी अडकली होती, करंगळीएवढी. तिचा झगा मोगऱ्याच्या पाकळ्यांचा होता, कडेला कोवळी हिरवी किनार. केस परागांसारखे पिवळेधमक. एक पंख मोकळा होता, त्यावर गुलाबी, निळे, सोनेरी रंग पाण्यासारखे हलत होते. दुसरा पंख दोऱ्याने आवळला होता. ती कळीत झोपली होती आणि कळीबरोबर गुंफली गेली होती.

"हलू नकोस," तुळसा हळूच म्हणाली. "पंख फाटेल."

तिने गाठ सोडवून पाहिली, पण गाठ जास्तच आवळली. दोरा कापल्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि दोरा कापला की सारा गजरा सुटणार होता. गजरा गेला नाही तर रात्री चुलीवर भात नसतो, हे तिला ठाऊक होतं. तिने विळी आणली आणि दोरा कापला. कळ्या टपटप मातीत पडल्या. परीने पंख दोनदा झटकला आणि ती अलगद वर उचलली गेली.

परी पायरीशेजारच्या अळवाच्या पानावर उतरली. पानावर दवाचे दोन टपोरे थेंब थरथरत होते.

"तुळसा, हे दोन थेंब म्हणजे तुझ्या दोन इच्छा," परी म्हणाली. तिचा आवाज पाण्याच्या बारीक धारेसारखा होता. "ऊन इथवर आलं की थेंब वाळतील, आणि त्यांच्याबरोबर इच्छाही. एकदा बोललेली इच्छा परत घेता येत नाही. आणि दुसऱ्या कुणाच्या मनावर माझी जादू चालत नाही."

चैतूने तोंड उघडू दे, हे तुळसाच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. मग तिने विचारलं, की निदान त्याची कीड तरी घालवता येईल का. परी म्हणाली, येईल, पण तोंड असंच मिटलेलं राहिलं तर महिन्याभरात ती पुन्हा लागेल. तुळसाने अंगणाकडे पाहिलं. ऊन आंब्याच्या बुंध्यापर्यंत आलं होतं. विचार करायला वेळ नव्हता.

"त्याला आवडेल असा ब्रश दे," ती घाईघाईने म्हणाली. "जगात कुठे नसेल असा."

एक थेंब टिचकन फुटला आणि तिच्या हातात ब्रश आला. दांडा पोपटी, केस इंद्रधनुष्याचे, टोकाला चिमुकलं फुलपाखरू, आणि तो ब्रश कोकिळेसारखा गात होता. तुळसा धावत आत गेली. चैतूचे ओले डोळे मोठे झाले. तो दारामागून बाहेर आला, त्याने ब्रश हातात घेतला, जमिनीवरून गाडीसारखा फिरवला, मनीच्या पाठीवरून फिरवला, आणि चक्क खुदकन हसला. तुळसाचा जीव सुपाएवढा झाला. तिने त्याचा हात धरून ब्रश हळूच त्याच्या तोंडाकडे नेला.

ओठ मिटले. चैतूने ब्रश कोपऱ्यात भिरकावला आणि पुन्हा दारामागे जाऊन तोंड झाकलं. ब्रशाचं गाणं थांबलं.

तुळसा बाहेर पळाली. ऊन पायरीला लागलं होतं. दुसरा थेंब आक्रसून तिळाएवढा झाला होता. कीड घालव, एवढं म्हटलं की झालं असतं. उद्या दाढ काढावी लागली नसती, आईच्या डोळ्यांत पाणी आलं नसतं, गुळाचं कुणाला कधी कळलंही नसतं. तिने बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात आतून चैतूचा बारीकसा ठसका ऐकू आला.

"सकाळी त्याला काय झालं, ते मला कळू दे," तुळसा म्हणाली.

"ते सोपं नाही, बाळा. मध्येच डोळे मिटता येणार नाहीत."

"दाखव."

थेंब फुटला, आणि तुळसा चटईवर उताणी पडलेली होती. हात हलत नव्हते. छप्पर फार उंच होतं, आणि छप्पर झाकून एक भलामोठा चेहरा खाली येत होता, भुवया आखडलेल्या, दात आवळलेले. कडेवर घेणाऱ्या, झोपताना केसांतून हात फिरवणाऱ्या ताईचाच तो चेहरा, पण आता ओळखू येत नव्हता. खराट्याएवढा ब्रश तोंडात शिरला. पेस्ट जिभेवर मिरचीसारखी जळली. फेस घशात भरला आणि श्वास येईना. नको, नको असं ती आतून ओरडत होती आणि तो चेहरा थांबत नव्हता. ओरडणं ऐकू येत असूनही थांबत नव्हता.

मग सारं निवळलं. ती पायरीवर बसली होती, पान कोरडं होतं आणि परी दिसत नव्हती.

ती आत गेली, पण चैतूजवळ गेली नाही. चार हात लांब जमिनीवर बसली.

"चैतू, सकाळी मी तुला दुखवलं," ती म्हणाली. "मी चुकले. आता कधी दाबून धरणार नाही."

चैतूने तोंडावरचे हात काढले नाहीत. तुळसाने त्याच्या जुन्या ब्रशावरची पेस्ट धुऊन टाकली, ब्रश दोघांच्या मध्ये ठेवला, आणि आपलं तोंड मोठं उघडून त्याला म्हणाली, की आज तूच माझे दात घास. बराच वेळ काही झालं नाही. तिचा जबडा दुखायला लागला. ऊन चुलीपर्यंत पोचलं. मग चैतू बसल्या बसल्याच थोडा पुढे सरकला, थांबला, आणखी थोडा सरकला. त्याने ब्रश उचलला आणि तिच्या तोंडात खुपसला. हिरडीला लागलं, डोळ्यांत पाणी आलं, पण तुळसा हलली नाही. त्याचं घासून झाल्यावर तिने कोमट पाण्यात फडक्याचं टोक भिजवलं आणि विचारलं, आता तुझा एकच दात?

चैतूने तोंड जरासं उघडलं. फडकं एका दाताला लागलं न लागलं, तोच त्याने तिचा हात ढकलला.

"बाश."

तुळसाने तत्क्षणी हात मागे घेतला. चैतूला नवल वाटलं. तो तिच्या हाताकडे बघत राहिला, मग त्याने स्वतःच पुन्हा तोंड उघडलं. चार वेळा तो हात वर करून बास म्हणाला आणि चार वेळा ती थांबली. पुढचे सगळे दात मात्र पुसून झाले.

आई दुपारी परतली तेव्हा तुळसाने तिला गुळापासून सुटलेल्या गजऱ्यापर्यंत सारं सांगितलं. आता रागावेल, मग रागावेल, म्हणून ती वाट बघत होती. आईने तिला जवळ ओढलं.

"सकाळी मी घरी असते, तर तुझ्यावर ही वेळ आली नसती," आई म्हणाली.

गुरुवारी उपकेंद्रात मोठी रांग होती. आतून मुलांचं रडणं ऐकू येत होतं. त्यांची पाळी आली. डॉक्टरीणबाईंच्या हातातला चकचकीत आरसा पाहून चैतूने आईच्या मांडीवर ओठ घट्ट मिटले. बाई म्हणाल्या, धरा जरा त्याला. आईने तुळसाकडे पाहिलं.

तुळसा पुढे झाली. "बाई, त्याने हात वर केला की तुम्ही थांबाल का? मग तो उघडेल."

बाईंनी आरसा खाली केला. "थांबेन," त्या म्हणाल्या.

चैतूने तोंड उघडलं. दोनदा हात वर केला, दोनदा बाई थांबल्या. मग त्यांनी दिव्याचा झोत मागच्या दाढेवर धरला आणि ती नीट न्याहाळली. तुळसाने आईचा पदर मुठीत धरला. शेवटी बाई म्हणाल्या, की कीड मुळापर्यंत गेलेली नाही. दाढ भरून घेऊ, काढायला नको. गूळ बंद आणि घासणं चालू, एवढं सांभाळा.

संध्याकाळी ती तिघं घरी आली, तर परी पायरीवर उभी होती.

"दोन इच्छा होत्या, तुळसा," ती म्हणाली, "आणि दोन्ही तू त्याच्यासाठी खर्च केल्यास. आता हे माझ्याकडून."

तिने दोन्ही पंख उघडले. गुलाबी, निळे, सोनेरी रंग एकमेकांत मिसळले, त्यांचा दुधासारखा पांढराशुभ्र उजेड झाला, तो अंगणभर, कुडावर, चैतूच्या गालांवर पसरला. उजेड ओसरला तेव्हा परी नव्हती. झोपडीच्या चारी बाजूंनी मोगऱ्याची झुडपं उभी होती, पानापानाला टपोऱ्या कळ्या, आणि आजवर तिथे एकही झुडूप नव्हतं.

ती झुडपं बारमाही फुलली. आईला परक्या बागेत जावं लागेनासं झालं. ती आपल्याच दारात कळ्या खुडायची, आणि उजाडलं की तिघं पायरीवर बसून दात घासायची. चैतूचे तांदूळदाणे पुन्हा लुकलुकू लागले.

तरी एखाद्या सकाळी तो ओठ मिटून बसायचाच. मग तुळसा ब्रश खाली ठेवायची आणि थांबायची. फार वेळ थांबावं लागायचं नाही.