मुंगळ्याचं वाक्य

"मुंगळा बुडतो तिथं तुम्ही हसला का नाहीत, आबा?"

बुधाजीआबांनी रुपेशकडे पाहिलं. मांडीवर अर्धवट कातरलेली चामड्याची बाहुली होती, ती त्यांनी बाजूला ठेवली.

रुपेश हा त्यांचा सगळ्यात हुशार चेला. सोळाव्या वर्षी आला, सात वर्षं पडद्यामागं बसून बाहुल्या नाचवायला शिकला. मग मुंबईला गेला तो गेलाच. कार्टूनच्या धंद्यात शिरला, नाव कमावलं. आता त्याचा स्वतःचा सिनेमा येत होता. बोलणाऱ्या किड्यांचा. पोराबाळांसकट सगळ्या घरानं बसून हसावं असा. अकरा वर्षांनी तो या पडवीत आला होता, पेढ्यांचा पुडा आणि लॅपटॉप घेऊन. आबांना एकदा हसताना बघायचं, एवढंच मनात होतं.

"दोनशे पोरांना दाखवला, आबा. त्या जागी पोरं खुर्चीवरून घरंगळली. आणि तुम्ही…"

"पुन्हा लाव."

रुपेशनं लावला.

किड्यांची वरात फणसाच्या पानावर बसून वहाळ ओलांडत होती. पान उलटलं. नाकतोड्यानं एका हातानं काडी धरली, दुसऱ्या हातानं छोट्या मुंगळ्याला. मुंगळा छाती फुगवून म्हणाला, "सोड रे, मला पोहता येतं!" नाकतोड्यानं सोडलं. मुंगळा दगडासारखा तळाला गेला. खालून एक बुडबुडा आला, फुटला, आणि त्यातून आवाज आला, "येतं म्हणालो… आजच येतं असं कुठं म्हणालो?"

मग सगळे किडे खोकत खोकत वर आले. मुंगळासुद्धा.

"सगळेच वर येतात?" आबांनी विचारलं.

"लहान मुलांचा सिनेमा आहे, आबा."

"हं."

आत आबांची सून वाल सोलत होती. बाबलची बायको. रुपेश आल्यावर तिनं पाणी आणून ठेवलं होतं आणि लगेच आत गेली होती.

"ते वाक्य कोणाचं?"

"कुठलं?"

"मुंगळ्याचं."

"माझंच. सगळा सिनेमा मीच लिहिलाय." हे सांगताना त्याची मान जराशी ताठ झाली.

आबा लांब खाडीकडे बघत होते. भरती लागली होती.

"आमचा बाबल चार वर्षांचा होता," ते म्हणाले. "मी त्याला कडेवर घेऊन खाडीत उतरायचो. पाणी पायाला लागलं की ओरडायचा. सोड, आबा, मला पोहता येतं… कधीच आलं नाही. मोठा झाल्यावर लाजायचा. चारचौघांत पाण्याचं नावसुद्धा काढायचा नाही."

रुपेशनं लॅपटॉप मिटला.

"तू आलास तेव्हा तो वीस वर्षांचा होता. तुला हे कुठं ऐकू आलं?"

रुपेशचा हात मिटलेल्या लॅपटॉपवरच राहिला.

अकरा वर्षांपूर्वी पलीकडच्या जत्रेतला खेळ आटोपून मंडळी परतत होती. होडी उलटली. बाहुल्यांची पेटी तरंगत काठाला लागली. रुपेश उलट्या होडीला धरून वाचला. बाबल तिसऱ्या दिवशी खारफुटीत सापडला. रुपेशनं तेव्हा सगळ्यांना एकच सांगितलं होतं, "बाबल माझ्या हाती लागलाच नाही." महिन्याभरात त्यानं गाव सोडलं.

सिनेमा लिहिताना ते वाक्य आपसूक आलं होतं. खोलीतले सगळे हसले. मग तोही हसला.

आबांनी हात पुढे केला आणि रुपेशचं मनगट धरलं. चामडं कातरून राठ झालेला हात.

"असा धरला होतास?"

आतली शेंगा सोलायची चाहूल थांबली होती.

"हो."

"मग?"

"तो म्हणाला, सोड…"

"त्याला पोहता येत नाही, हे तुला ठाऊक होतं?"

नाही म्हणावं, असं रुपेशला वाटलं. अकरा वर्षं तो तेच म्हणत आला होता, रोज, स्वतःशी.

"होतं," तो म्हणाला. "मला ठाऊक होतं, आबा. त्यालाही ठाऊक होतं मला ठाऊक आहे ते. होडी दोघांना पेलत नव्हती. त्यानं म्हटलं… आणि मी सोडला."

आबांची पकड सैल झाली नाही. घट्टही झाली नाही.

आतून सून उठून दारात आली. चौकटीला धरून उभी राहिली. रुपेशची वर बघायची छाती झाली नाही.

"मी ते काढून टाकतो, आबा," तो म्हणाला. "आत्ता फोन करतो. तो सगळा प्रसंगच काढतो."

आबांनी त्याचं मनगट हलकेच खाली ठेवलं. बाजूची बाहुली उचलली, तिच्यावरची धूळ फुंकली.

"नको काढू. हसतायत पोरं, तर हसू दे… आमच्या बाबलला जन्मात कोणाला हसवता आलं नाही."