खरवडलेली ओळ

एकदा एक मुद्रितशोधक वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी हिशेब शिकायला निघाला. हौस म्हणून नव्हे. ज्या छापखान्यात त्याने एकोणीस वर्षे काढली तो बंद पडला होता, आणि घरी बायको व शाळेत जाणारी मुलगी होती. मुद्रितशोधक म्हणजे मजकूर छापण्यापूर्वी वाचून त्यातल्या चुका काढणारा माणूस. एखादी वेलांटी चुकली तरी याच्या डोळ्यांत कुसळ गेल्यासारखे होई. पुस्तक वाचकाच्या हाती पडेल तेव्हा तिथे कधी चूक होती याचा मागमूसही उरता कामा नये, एवढे एकच व्रत त्याने आयुष्यभर पाळले होते.

गावातल्या लेखापालांच्या एका मोठ्या कार्यालयात सहाय्यकाची जागा निघाली. वयाची अट पंचेचाळीस, म्हणजे पुन्हा अशी संधी येईल याचा भरवसा नव्हता. सकाळी लेखी चाचणी आणि दुपारी मुलाखत. त्याने सहा महिन्यांचा वर्ग पुरा केला होता, हिशेबाच्या नावे आणि जमा या दोन बाजू तोंडपाठ होत्या; पण चाचणी हा शब्द कानी पडला की नावेची रक्कम खुशाल जमेच्या रकान्यात जाऊन बसे. वर्गातली विशी-बाविशीची मुले त्याला अदबीने 'काका' म्हणत, त्याने तो अधिकच घाबरे. एकदा बायकोने लाटणे बाजूला ठेवून त्याची लुटुपुटीची मुलाखत घेतली. "बरं, स्वतःबद्दल चार वाक्यं सांगा," ती म्हणाली, आणि हा तिच्यासमोरही अडखळला. जिच्याबरोबर सोळा वर्षे संसार केला तिला स्वतःबद्दल काय सांगायचे हेच त्याला सुचेना.

खरे तर त्याला सुचत होते, आणि तीच भीती होती. छापखाना बंद पडल्यावर आठ महिने त्याने एका औषधांच्या दुकानात माल-वहीचे काम केले होते. तिथे एक आकडा चुकला. छापायच्या मूळ पानावरची बारीक चूक खरवडून काढायच्या छापखान्यातल्या सवयीप्रमाणे त्याने अर्ध्या ब्लेडने शाई हलकेच खरवडली, नखाने कागद गुळगुळीत केला आणि त्या जागी योग्य आकडा सुबक लिहिला. मालकाच्या नजरेस ती जागा पडली. इथे आधी किती होते, आणि ती औषधे गेली कुठे, असे त्याने चार गिऱ्हाइकांसमोर विचारले, 'चोर' हा शब्द उच्चारला आणि त्याच दिवशी त्याला घरी पाठवले. ही गोष्ट नवरा-बायकोशिवाय कोणाला ठाऊक नव्हती. गंमत अशी, की त्या अनुभवातून या भल्या माणसाने एकच धडा घेतला: पुढच्या वेळी आणखी सफाईने खरवडायचे.

चाचणीला सहा दिवस उरले तेव्हा तो एका वृद्ध हिशेबतपासनिसाकडे गेला. चाळीस वर्षे गावोगावच्या संस्थांची दप्तरे तपासून हा वृद्ध आता निवृत्त झाला होता. सगळे त्याला नाना म्हणत. नाना कमी बोलत, आणि जे बोलत तेही समोरच्याला अर्धेच कळे.

पहिल्या दिवशी नानांनी त्याला तेरजेचे गणित घातले. तेरीज म्हणजे सगळ्या खात्यांच्या बाकींची यादी. तिच्या दोन्ही बाजू जुळल्या तरच पुढे जाता येते. याच्या बाजू जुळेनात. चूक सापडली, ब्लेड निघाले, पान पुन्हा स्वच्छ झाले. नानांनी ते पान खिडकीच्या उजेडात धरले, बराच वेळ पाहिले आणि शेरा न मारता परत दिले.

"उद्या ये," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशीही तेच झाले, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी तर उत्तर अचूक होते आणि अक्षर मोत्यासारखे होते, तरी नाना फक्त 'उद्या ये' म्हणाले. आपण इतके ढ आहोत की हे दयेपोटी बोलत नाहीत, अशी त्याची खात्री झाली. त्याचे जेवणाकडे लक्ष लागेना. बायकोने विचारले तर पित्त झालेय म्हणाला. मुलीच्या शाळेची सहल होती, तिने पैशांबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि तिचे ते शहाणपण पाहून त्याला जास्तच भीती वाटली.

पाचव्या दिवशी नाना म्हणाले, "आज गणित नको. परवा तिथे कोरा अर्ज हाती देतील. आजवर कुठे कुठे काम केलंस, ते इथे लिहून दाखव."

तो लिहू लागला. छापखाना, एकोणीस वर्षे. पुढे हाताने आपोआप औषधांचे दुकान लिहिले. तो दचकला. ब्लेड काढून त्याने ती ओळ इतकी नाजूकपणे खरवडली की कागदाला कळूही नये, आणि तिथे लिहिले, 'घरगुती अडचणीमुळे काम नाही.' नाना पाहत होते. त्यांनी कागद उजेडात धरला, मग मांडीवर ठेवून त्याच ओळीवर अंगठ्याचे नख घासायला सुरुवात केली. कागद आधीच विरला होता. बघता बघता भोक पडले. नानांनी तो कागद उचलला, भोकाला डोळा लावला आणि त्यातून याच्याकडे पाहू लागले.

"नाना, हे काय?" त्याने विचारले.

"इथे काय होतं, ते बघतोय."

त्या डोळ्यासमोर त्याचा धीर सुटला. दुकान, ब्लेड, चार गिऱ्हाइके, तो शब्द, सगळे त्याने सांगितले. सांगताना रडलाही. नानांनी त्याला पाणी दिले आणि तो शांत होईपर्यंत थांबले.

"तू छापखान्यात शिकलास ते तिथे योग्यच होतं," मग ते म्हणाले. "वाचकाला पुस्तक हवं असतं, त्यात आधी काय चुकलं होतं ते जाणून त्याला काय करायचंय? पण दप्तर तपासणारा वेगळ्या डोळ्यांनी वाचतो. मी चाळीस वर्षं वाचलंय. तांबडी रेघ दिसली, रेघेखालचा जुना आकडा वाचता आला, शेजारी सही दिसली, की मी पान उलटायचो. माणूस चुकला, त्याला कळलं, त्याने सांगितलं. विषय संपला. खरवडलेली जागा दिसली की मात्र मी चष्मा पुसून बसायचो. मग त्या पानावरचे बाकीचे आकडे खरे असले तरी मला खरे वाटायचे नाहीत. त्या मालकाने तुला चोर म्हटलं, तो अन्यायच. पण तू त्याच्या हाती भोक दिलंस बाबा."

 तो म्हणाला, "खरं लिहिलं आणि त्यांनी घेतलं नाही तर?"

"तर नाही घेणार. मी काय हमी देऊ? एक रेघ मारायची, वर खरं लिहायचं, बाजूला सही करायची. जुनं वाचता आलं पाहिजे. भीती तेव्हाही वाटेल, पण ती नोकरी न मिळण्याची वाटेल. सापडण्याची नाही वाटणार. या दुसऱ्या भीतीनेच तुझ्या नावे-जमेचा घोळ होतोय."

चाचणीचा दिवस उजाडला. पन्नासेक उमेदवार होते आणि सगळ्यांत वयस्कर हाच. तिसऱ्या प्रश्नात एक रक्कम भलत्या बाजूला पडली. हात सवयीने खिशाकडे गेला, तिथेच थांबला. त्याने रक्कम एका रेघेने खोडली, वर योग्य ती लिहिली, बाजूला सही केली. ते पान त्याला फार कुरूप दिसले. तरीही तो पुढच्या प्रश्नाकडे वळला.

मग अर्ज आले, प्रत्येकाला एकच, शाईने भरायचा. आणि काय सांगावे, इतके समजूनसुद्धा भीतीने त्याच्या हातून पहिल्यांदा तेच लिहून घेतले: 'घरगुती अडचणीमुळे काम नाही.' त्या ओळीकडे तो पाहत राहिला. कोणी विचारणार नव्हते. अक्षर सुंदर होते. पाच मिनिटे उरल्याची घंटा झाली तेव्हा त्याने त्या ओळीवर एक रेघ मारली आणि वर लिहिले, 'औषधांचे दुकान, आठ महिने. माल-वहीतील आकडा खरवडल्यावरून काढून टाकले.' बाजूला सही केली. सही वेडीवाकडी आली.

दुपारी मुलाखतीला कार्यालयाच्या प्रमुख बाई एकट्याच बसल्या होत्या. त्यांनी अर्ज वाचला, खोडलेली ओळ वाचली, वरची वाचली. 

"कोणता आकडा होता?" बाईंनी विचारले.

असा प्रश्न त्याला आजवर कोणी केला नव्हता. "खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या होत्या, मॅडम. शिडीवरून पोऱ्याने ओरडून सांगितलं, चोवीस. मी लिहिले बेचाळीस. लगेच लक्षात आलं, म्हणून खरवडून चोवीस केले."

बाईंनी पेन्सिलीने दोन्ही आकडे कागदावर लिहिले. "अठराचा फरक. नऊने भाग जातो," त्या म्हणाल्या. "दोन अंक उलटे पडले की फरकाला नेहमी नऊने भाग जातो, आमच्याकडे हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. आणि मराठीत ही चूक तर रोजची. आपण म्हणतो चोवीस, कानावर 'चो' आधी येतो, हात चार आधी लिहून मोकळा होतो. अहो, तो बेचाळीस दिसत असता तर कोणीही म्हणालं असतं की अंक उलटे पडलेत. तो तुमच्या बाजूचा साक्षीदार होता. तुम्हीच तो खरवडून काढलात, आणि मग मालकाच्या मनात आला तो आकडा त्याने तिथे वाचला."

दीड वर्ष ज्या अपमानाने त्याची मान खाली होती, त्याचे उत्तर त्या एका चुकीच्या आकड्यात होते. बाईंच्या कागदावरचे ते दोन आकडे त्याने पुन्हा पुन्हा वाचले. बाईंनीही घाई केली नाही. मग त्यांनी अर्ज त्याच्याकडे सरकवला.

"दुरुस्तीवर सही आहे, तारीख नाही. इथे काम करायचं तर ही सवय लावून घ्यावी लागेल."

नाना तारखेचे सांगायला विसरले होते. तो गोंधळला. "कोणती घालू? दुकानातून काढलं त्या दिवसाची?"

"दुरुस्ती कधी केलीत?"

"आज सकाळी."

"मग आजची घाला," बाई म्हणाल्या.

त्याने आजची तारीख घातली.