ठकू कासारणीचा हात

फार फार जुनी गोष्ट आहे, बाळांनो. किती जुनी ते मला विचारू नका, कारण मला ती ज्यांनी सांगितली त्यांनाही ते आठवत नव्हतं. एका राज्यात एक नगर होतं. खेडं म्हणावं तर त्याला तीन पेठा होत्या, आणि राजधानी म्हणावी तर हत्ती एकच, तोही दसऱ्यापुरता बाहेरून मागवलेला. एका वेशीतून चालायला लागलं, तर फडक्यातली भाकरी गार व्हायच्या आत माणूस दुसऱ्या वेशीला पोचायचा.

नगर तसं भलं होतं. विहिरींना पाणी होतं, शेजाऱ्यांना वेळ होता. वैद्य मात्र एकच. तो परगावी गेला की तो परत येईपर्यंत कुणी आजारी पडायचं नाही, अशी तिथली रीत होती.

या नगराच्या मधल्या पेठेत ठकू नावाची कासारीण राहायची. तिचा नवरा बांगड्यांचं ओझं घेऊन खेडोपाडी फिरायचा, आणि ठकू दुकानात बसून बायकांच्या हातांत बांगड्या भरायची. आता बांगडी भरणं म्हणजे सोपं काम नाही बरं का! काच नाजूक, बांगडी मनगटापुरती आणि पंजा तिच्याहून मोठा. पण ठकूच्या हातून बांगडी कधी वाढली नाही. हो, वाढली असंच म्हणायचं. बांगडी फुटली असं शुभ घरात कुणी म्हणत नाही.

तेलणीचा पंजा भलताच रुंद होता. ती आली की ठकू तिचा हात मांडीवर घ्यायची, अंगठ्याच्या मुळाशी जरा दाबायची आणि विचारायची, “काय गं, सुनेचा डोळा बरा आहे का?”

“कसला बरा! मेली औषध घालून घेईल तर शपथ!” तेलीण सुरू व्हायची. सुनेचा डोळा संपून व्याह्यांचा मानपान निघेपर्यंत दोन्ही हात बांगड्यांनी भरलेले असायचे. “अगं बाई, झालं पण?” म्हणत ती उठायची.

“ठकूच्या बोटांत जादू आहे,” असं सगळ्या जणी म्हणायच्या. ठकूलाही ते पटलेलं होतं.

पण ठकू आपल्या नगरावर रागावलेली असायची. एकदा तिने वाण्याकडून रोजच्यापेक्षा शेरभर गूळ जास्त आणला. झालं! दुपारपर्यंत पेठेत बातमी की ठकूकडे पाहुणे येणार. संध्याकाळी बातमी की पाहुणे ठकूच्या नणंदेला बघायला येणार. दिवेलागणीला शेजारची वेणूकाकी हजर. “मुलगा काय करतो गं? आम्हाला सांगितलं नाहीस ते!”

“काकी, मला गूळ खावासा वाटला, म्हणून आणला!”

“असं होय?” काकी डोळे बारीक करून म्हणाली. “गूळ खावासा वाटतोय? कितवा महिना?”

ठकूने कपाळावर हात मारला. “काय हे गाव! माणसाला गूळ खायची चोरी! आणि रंग तरी किती? वीस वर्षं तोच हिरवा, तोच लाल, तीच मनगटं. इथे माझ्या हाताची कदर व्हायची कशी?”

आणि बघा, त्याच महिन्यात राणीची एक दासी त्या वाटेने राजधानीला चालली होती. बांगड्या भरायला ती ठकूच्या दुकानात बसली. हात घट्ट आवळलेला, चेहरा करडा. पण दुकानात वेणूकाकी होती. तिने दासीला गाव विचारलं, आई विचारली, धाकट्या भावाचं लग्न ठरलं का तेही विचारून घेतलं. दासी बोलत राहिली आणि ठकूने अकरा बांगड्या चढवल्या.

दासी हात बघून थक्क झाली. “बाई, चार महिन्यांनी राजकन्येचं लग्न आहे. आमचा कासार आता थकला. तुम्ही राजधानीला चला. तुमची गाठ मी राणीसाहेबांशी घालून देते.”

ठकूच्या मनात आनंद मावेना. नवरा फिरतीवरून आल्यावर तिने विचारलं, तेव्हा तो म्हणाला, “जाऊन ये. तुझ्या मनाला लागलंय तर जा. नाही रुचलं तर वाट काही कुणी उचलून नेत नाही.”

निघताना अख्खी पेठ वेशीपर्यंत आली. कुणी लाडू दिले, कुणी सुंठ दिली, आणि सल्ले तर प्रत्येकाने दिले. वेणूकाकी पदर डोळ्यांना लावून विचारत होती, “पण तिकडे राहणार कुठे? आंघोळीला ऊन पाणी मिळेल का? आणि रात्री दार लावायला कडी आहे ना गं?”

“सुटले बाई!” गाडी वळणाआड गेल्यावर ठकू म्हणाली.

राजधानी म्हणजे काय सांगू तुम्हाला! बावीस पेठा, सात हत्ती, आणि बांगड्यांचाच एक वेगळा बाजार. तिथे मोरपंखी बांगड्या होत्या, डाळिंबी होत्या, सोनेरी ठिपक्यांच्या होत्या. ठकू पहिले आठ दिवस नुसती बघतच फिरली. मग तिने मुद्दाम गुळाची अख्खी ढेप विकत घेतली आणि डोक्यावर ठेवून भर बाजारातून घरी आणली. एकानेही मान वळवली नाही. ठकू दार लावून पोटभर हसली आणि तिने पोटभर गूळ खाल्ला. खोटं कशाला बोला, त्या दिवशी ती खरंच सुखी होती.

दुकान मांडलं. गिऱ्हाइकं आली. पहिली बाई आली, तिने हात पुढे केला आणि तोंड रस्त्याकडे फिरवलं. “लवकर कर, मला जायचंय.” ठकूने बांगडी चढवली, आणि ती कडकन वाढली.

होतं असं कधी, ठकू मनाशी म्हणाली. पण दुसरीचीही वाढली. त्या दिवशी दोन, दुसऱ्या दिवशी सात. एका तरण्या मुलीच्या मनगटातून रक्त आलं. ती सरळ उठून समोरच्या दुकानात गेली. समोर काय, तिथेही वाढतच होत्या. राजधानीत लोक बांगड्या वाढणार हे धरूनच चालायचे. पण ठकूला ते सहन होईना.

तिने हाताला तेल लावून पाहिलं, काच बदलून पाहिली, बसायची दिशा बदलून पाहिली. काही म्हणता काही गुण येईना. मग तिला तापच आला. तीन दिवस दुकान बंद राहिलं. चौथ्या दिवशी तिने फळ्या उघडल्या आणि ती उगाच दारात उभी राहिली. कुणी विचारील, बाई कुठे होता तीन दिवस? कुणी विचारलं नाही. ठकू आत जाऊन बसली आणि आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिली. आपला हात गेला, असं तिला वाटलं, आणि ती रडली.

अशात लग्न येऊन ठेपलं. त्या दासीने शब्द टाकला होताच, तेव्हा राणीचा निरोप आला, “उद्या चुडा भरायला यावं.” त्या घराण्याची रीत कडक होती. राजकन्येच्या चुड्यात एकवीस हिरव्या बांगड्या, आणि भरताना त्यातली एक जरी वाढली तरी लग्न वर्षभर पुढे ढकलायचं. पाहुणे आले होते, मांडव पडला होता, नवरा मुलगा सीमेवर येऊन थांबला होता. आणि हे सगळं ठकूच्या ज्या हातावर अवलंबून होतं, त्या हाताने आदल्या दिवशी नऊ बांगड्या वाढवल्या होत्या.

ठकू महालात गेली. राजकन्या पाटावर बसली होती. दासी भिंतीला टेकून गप्प उभ्या, कारण राजकन्येशी आपण होऊन बोलायची तिथे कुणाला मुभा नव्हती. राणी समोर बसली होती. ठकूने राजकन्येचा हात हातात घेतला. इवलासा हात, पण गार पडलेला आणि लाकडासारखा ताठ. पहिली बांगडी बोटांच्या पेरांवर आली आणि अडकली. ठकूने जरा दाबली. काच करकरली.

ठकूच्या कपाळावरून घाम ओघळला. आता संपलं, असं तिला वाटलं. आणि अति घाबरल्यावर माणसाच्या तोंडून घरचंच बोलणं येतं, तसं तिच्या तोंडून निघून गेलं, “काय गं बाय माझी, भ्यालीस होय? सकाळपासून काही खाल्लंस का?”

दासींनी श्वास रोखला. राणीच्या भुवया वर गेल्या.

राजकन्या तिच्याकडे बघत राहिली. मग बारीक आवाजात म्हणाली, “नाही खाल्लं. कुणी विचारलंच नाही.”

“अरे देवा! आणि एवढी काळजी कसली लागलीय माझ्या लेकीला?”

“माझी मैना,” राजकन्या म्हणाली, आणि तिचे डोळे भरले. “ती इथेच राहणार. तिला मी भिजवलेली डाळ स्वतः भरवते. दुसऱ्याच्या हातून ती खात नाही.”

“मग सोबत ने की! मैनेला काय वेगळी पालखी लागते?”

“नेता येईल?”

“न यायला काय झालं? पण डाळ कुठली गं, हरभऱ्याची की मुगाची?”

मुगाची. ती पण सालं काढलेली. सालं दिसली तर मैना पाठ फिरवून बसते, आणि एकदा तर तिने प्रधानजींची पगडी ओढली होती... राजकन्या सांगत गेली, सांगता सांगता हसली, आणि थोड्या वेळाने तिने खाली पाहिलं. दोन्ही हातांत हिरवा चुडा होता. एकवीसच्या एकवीस बांगड्या धड होत्या.

ठकूने आपले हात पाहिले, मग राजकन्येचा मऊ पडलेला पंजा पाहिला. वीस वर्षांत जे कळलं नव्हतं ते तिला त्या पाटाशी कळलं. बाई आपल्या मनातलं बोलायला लागली की तिचा हात आपोआप सैल पडतो. आणि तिला बोलतं करायचं, तर तिच्या घरी कुणाचा डोळा दुखतोय ते आपल्याला ठाऊक असावं लागतं.

राणी खूश झाली. “महालाशेजारी घर देते. इथेच राहा.”

ठकूने एक दिवस मागून घेतला. दुसऱ्या दिवशी दुकानात आलेल्या बाईला तिने प्रेमाने विचारलं, “कुठल्या म्हणायच्या तुम्ही? घरी कोण कोण?”

“तुम्हाला काय करायचंय?” म्हणत त्या बाईने हात काढून घेतला.

तिचंही काही चुकलं नाही हं. बावीस पेठांच्या शहरात प्रत्येकाने प्रत्येकाची चौकशी करायची म्हटली, तर चुली पेटायच्या कधी? पण ठकूचं उत्तर ठरलं. ती राणीला म्हणाली, “राणीसाहेब, मला घरी जाऊ द्या. दरवर्षी एकदा मात्र इथे येऊ द्या, नवे रंग न्यायला. आमच्याकडे मोरपंखी अजून कुणी पाहिलेला नाही.”

राणीने तिला गाडीभर बांगड्या देऊन निरोप दिला.

आपल्या नगराच्या वेशीशी गाडी आली, तर नाकेदारानेच अडवलं. “ठकूबाई, वाळलात की हो! तिकडे खायला घालत नाहीत का? आणि गाडीत काय आहे? का परत आलात? भांडण झालं?”

“तुम्हाला हो काय करायचंय?” असं ठकूच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिला हसू फुटलं, आणि हसताहसता डोळ्यांत पाणी आलं. “सांगते हो, सगळं सांगते. आधी घरी तर जाऊ द्या!”

दुकान उघडलं, तर दारात तेलीण उभी. तिच्या हातांत जुन्या तीन-चार बांगड्या उरल्या होत्या. “चार महिने तशीच राहिले. दुसऱ्या कुणाच्या हाती हात देववेना,” ती म्हणाली.

ठकूने तिचा तो रुंद पंजा दोन्ही हातांत घेतला आणि विचारलं, “सुनेचा डोळा बरा आहे का गं?”

दुसऱ्या दिवशी ठकूने वाण्याकडून चांगला पाच शेर गूळ आणला. दुपारपर्यंत बातमी तिन्ही पेठांत. संध्याकाळी वेणूकाकी पुढे आणि तिच्यामागे निम्मी पेठ, अशी सगळी मंडळी अंगणात जमली. “काय गं ठकू, कोण पाहुणे येणार आहेत?”

आत तवा तापलेला होता आणि गुळाच्या पोळ्यांची चळत लागली होती.

“तुम्हीच, मेल्यांनो!” ठकू म्हणाली. “बसा पानावर. आणि काकी, महिना कितवा ते विचारलंत ना, तर पोळी मिळायची नाही!”

काकी गप्प बसली. पहिली पोळी संपेपर्यंतच, पण बसली खरी.

तात्पर्य : ज्या चौकशांचा आपल्याला वैताग येतो, पुष्कळदा त्यांच्याच जिव्हाळ्यावर आपलं कसब जगत असतं.