ठकूचा दोर

फार वर्षांपूर्वी, टाकळवाडीला अजून ना सडक होती ना शाळा, तेव्हाची ही गोष्ट. त्या साली भादव्यात असा ताप आला की घरंच्या घरं अंथरुणाला खिळली. ताप गेला, पण जाताना नजर घेऊन गेला. डोळे वरून धडधाकट, आत मिट्ट काळोख. वैद्य म्हणाला, "ताप डोळ्यामागच्या शिरेत उतरलाय. निघंल हळूहळू, धीर धरा."

गावाच्या टोकाला ठकू नावाची एकटी बाई अंबाडीचे दोर वळायची. तिचीही नजर गेली, पण दोर वळायला डोळे कशाला लागतात? घरात होता नव्हता तेवढा वाख, अंबाडीचा सोललेला धागा, तिने वळला आणि चाचपत, आपल्या ओट्यापासून दारादारावरून नेत थेट विहिरीपर्यंत दोर बांधला. तो धरून सारं गाव पाणी भरू लागलं. असं म्हणतात, दोर सात कोस लांब होता. एवढ्याशा गावात सात कोस कुठून आले, ते मला विचारू नका.

दिवाळीपर्यंत एकेकाला दिसू लागलं. मग दोरात गुरं अडकायला लागली. पाटील म्हणाले, "आता समद्यास्नी दिसतंय. काढा त्यो दोर." गड्याने वेटोळं आणून ठकूच्या ओट्यावर टाकलं.

"ठकूबाय, तुजा दोर. आता कुनाला लागत न्हाई."

ठकूला अजून काहीच दिसत नव्हतं. तिला कुणी विचारलं नाही, तिच्याने सांगवलं नाही. दोरावरून हात फिरवत ती म्हणाली, "ठेव."

दुसऱ्या सकाळी ती घागर घेऊन निघाली. डावा हात पुढे, जिथे दोर असायचा तिथे. असं म्हणतात, हवेनेच तिला धरायला दिलं. बारा वर्षं ती तशी एकटी आली-गेली. बायका म्हणत, खुळी आहे, जुनी सवय सुटत नाही.

ती वारली तेव्हा उशाशी लावायला बायका दिवा शोधू लागल्या. घरात दिवाच नव्हता. तेलाचा थेंबही नव्हता. कुणीतरी तिचा डावा तळवा उघडला, तर त्यावर दोर घासल्याचे ताजे वळ होते. पाटील उंबऱ्यातच खाली बसले.

आजही त्या तिथीला गाव तिच्या ओट्यापासून विहिरीपर्यंत दोर बांधतं. लहानथोर डोळे मिटून पाणी आणतात. सगळ्यांचं झालं की गावातलं सर्वांत म्हातारं माणूस मोठ्याने विचारतं, "कुनी ऱ्हायलंय का?" कुणी बोलत नाही. तरी दोर सोडत नाहीत. तो आपोआप झिजून तुटेपर्यंत गुरं दुसऱ्या वाटेने नेतात.