म्हशीचा नाला

तुम्ही उभे आहात त्या तळ्याच्या पाळीवरून डोंगराकडे पाहा. चांगल्या धानाच्या बांध्यांमधून, म्हणजे खाचरांमधून, नाला कसा वळसे घेत, मध्येच पसरून डोह करत येतो. बाहेरचा माणूस म्हणतो, हा सरळ केला तर केवढी जमीन सुटेल. आमच्या आडकूजी पाटलालाही तसंच वाटलं होतं म्हणे.

फार पूर्वी त्यानं नाला काठीसारखा सरळ करवून घेतला आणि सुटलेल्या जमिनीत बांध्या पाडल्या. त्यातली सगळ्यांत कसदार बांधी लेकीला, बयनाला, लग्नात आंदण दिली. पुढे बयना विधवा होऊन माहेरी परतली, तेव्हा त्या बांधीवरच तिचं पोट चालू लागलं.

पण सरळ नाला पावसाळ्यात धावत सुटायचा आणि डोंगराची माती तळ्यात ओतायचा. पाणी गढूळलं, मग हिरवं पडलं, त्याला वास सुटला. मासे मरून तरंगू लागले. गावानं काय करावं? पाळ आणखी उंच केली. दुखणं पोटात आणि लेप पायाला. शेवटी तळ्यावर जगणाऱ्या ढिवरांनी जाळी गुंडाळली आणि गाव सोडायची तयारी केली.

तेव्हा पाटील वरमला. नाला जुन्या वाटेनं सोडू म्हणाला. पण ती वाट आठवणारं कुणी उरलं नव्हतं. बयना म्हणाली, माझी म्हैस सोडा. उन्हाळ्यात म्हैस जमिनीखालची ओल पायांनी ओळखते. ती जाईल तिथं नाला खणायचा, बसेल तिथं डोह, अशी पाटलानं देवीपुढे शपथ घेतली.

असे सांगतात की सारं गाव त्या म्हशीमागे चाललं. खुद्द पाटील पागोटं सावरत शेपटीमागे. म्हैस रमतगमत वळत राहिली आणि शेवटी बयनाच्या बांधीत शिरून मधोमध बसली. लोकांनी हाकललं, शेपूट पिळलं, ती हलली नाही. पाटलाचा जीव कासावीस झाला.

“एवढी एक बांधी वगळू,” तो म्हणाला. “तू काय खाशीन, बयना?”

“तिले उठवू नोका, बाबा. बसली तेथंच खंदा. तलाव जगला तं गाव जगन. गावात मी नाही का?”

बांधी गेली. नाला वाकडा झाला तशी त्याची धाव मोडली, माती डोहांतच बसू लागली आणि काही पावसाळ्यांत तळं निवळलं. ढिवर राहिले. बांधी गेली त्याच वर्षीच्या सुगीत प्रत्येक घरानं न सांगता बयनाच्या दारात सूपभर धान ओतलं.

आजही नाला अधूनमधून कुणाच्या तरी बांधीचा लचका तोडतो, आणि त्या घरी सारं गाव सूपभर धान नेऊन ओततं. त्याला बयनाचा वाटा म्हणतात. गेल्या साली नाल्यानं माझी बांधी तोडली आणि तो वाटा माझ्या अंगणात पडला. मी पाटलांच्या कुळातला, आम्हाला घ्यायची सवय नाही, फार अवघडलो. पहिलं सूप ढिवरांच्या म्हातारीनं ओतलं. मी हात जोडले, आणि नाल्याला बोल लावला नाही.